गोगलगायी ठेवाव्यात की काढाव्यात

"आज त्या गोगलगायींचा निकाल लावून टाकते," बायको म्हणाली आणि त्याच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत न पोचता मध्येच थांबला. ती पावाला लोणी लावत होती. लोणी पार कडेपर्यंत, एकही कोपरा न सोडता लावायची तिची पहिल्यापासूनची सवय. आजही ती तितक्याच निगुतीनं सुरी फिरवत होती, त्यामुळे ती खरंच काही बोलली की आपल्यालाच भास झाला, हे त्याला क्षणभर कळेना. पण तिच्या कोपरापाशी एक बाटली उभी होती. अंगठ्याएवढी, आत निळसर पाणी, वर थेंब पाडायचं रबरी टोपण. कालपर्यंत ही बाटली या घरात नव्हती.

"हे काय?"

"औषध. काल दुकानात जाऊन आले. टाकीत थेंब टाकायचे. मासे राहतात, गोगलगायी तेवढ्या मरतात."

"कुठल्या दुकानात?"

"कुठल्या म्हणजे काय? आपल्या. जिथनं टाकी आणली होती तिथं."

"काय म्हणाला तो?" त्यानं विचारलं. आवाज शक्य तितका साधा ठेवला होता.

"कोण?"

"दुकानदार गं."

"काय म्हणणार? थेंब किती टाकायचे ते म्हणाला." तिनं पाव त्याच्या बशीत ठेवला आणि दुसरा घेतला.

खरं म्हणजे इथंच त्यानं गप्प बसायला हवं होतं. टाकीची काच रोज पुसते ती, पाणी बदलताना बादल्या उचलते ती. टाकीत काय राहावं आणि काय नाही हे ठरवायचा हक्क कुणाचा असेल तर तिचाच. पण तो वकिली करायला बसला. गोगलगायी शेवाळ खातात, तो म्हणाला. शेवाळ मीच पुसते, ती म्हणाली. माशांचं उरलेलं खाणं खातात, नाहीतर ते तळाशी कुजतं. मग खाणं बेतानं टाका, तुम्हीच मूठ मोकळी सोडता. बरं, त्यांची घाण झाडांना खत होते. झाडं? ती पहिल्यांदा हसली. कुठली झाडं? पानांची चाळणी करून ठेवलीये तुमच्या लाडक्यांनी. काचेवर जिथं बघावं तिथं अंड्यांचे चिकट ठिपके. एकीच्या दहा होतात, दहाच्या शंभर, आणि त्यासाठी त्यांना कुणाची सोबतसुद्धा लागत नाही. शिवाय एखादी कोपऱ्यात मरून पडली की पाणी नासतं. मग सगळ्या एकदम मारल्यास तर किती नासेल, असं तो म्हणाला तेव्हा आपण बिनतोड मुद्दा काढला असं त्याला वाटलं. पण तिनं शांतपणे सांगितलं, "लगेच वेचायच्या. मी वेचीन."

"संध्याकाळी बघू," तो उठत म्हणाला. "मी येईपर्यंत काही टाकू नकोस."

"बरं," ती म्हणाली. तिच्या 'बरं'चे पुष्कळ प्रकार होते. इतक्या वर्षांच्या संसारात त्याला त्यातले बहुतेक पाठ झाले होते, पण हा कुठला ते त्याला ओळखू आलं नाही, आणि बूट घालताना, जिना उतरताना, बसच्या थांब्यावर उभं राहतानाही ते 'बरं' त्याच्या कानातून जाईना. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. काच धुळीनं माखलेली होती आणि तिच्यावर कुणीतरी बोटानं काढलेली एक वाकडी रेघ होती. तो त्या रेघेकडेच बघत राहिला. दुकानदार बोलला असेल का? स्वभावानं माणूस तोंडाळ. गिऱ्हाईक दिसलं की आधी चौकशा, मग धंदा. "साहेब, तुमच्या हाताला मासे काही लागत नाहीत बघा," असं दर खेपेला मोठ्यानं म्हणून हसायचा. तो बायकोला एवढं जरी म्हणाला असेल, की साहेब अलीकडे बऱ्याच दिवसांत आले नाहीत, मागचे मासे तगले वाटतं, तर संपलंच सगळं.

कारण टाकीतला एकही मासा मुलीचा नव्हता.

टाकी मुलीची होती. तिला सगळे ठमी म्हणत. शाळेच्या शेवटच्या वर्षी तिनं हट्टानं ती घेतली. एक एंजल मासा, डोळ्याखाली काळा डाग असलेला, म्हणून तो रडवा. आणि पाच गप्पी. पाचही नरच, कारण शेपट्या नरांच्याच झोकदार असतात आणि तिला शेपट्याच हव्या होत्या. पुढच्या वर्षी ती तापानं गेली. आठवडाभराचा ताप; डोक्यात चढला, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते म्हणेपर्यंत सगळं होऊन गेलं होतं. त्यानंतर घरात जे काही दिवस गेले ते दिवस होते असं म्हणायचीसुद्धा सोय नाही. बायको टाकीसमोर बसून राहायची. बोलायची नाही, रडायचीही नाही, फक्त मासे इकडून तिकडे गेले की तिचे डोळे इकडून तिकडे जायचे. जेवायला उठवलं तर म्हणायची, "थांबा, रडव्याला खाणं टाकायचंय." त्या माशांनी तिला धरून ठेवलं होतं. म्हणूनच एका सकाळी, ती उठायच्या आधी, पहिला गप्पी पाण्यावर पोट वर करून तरंगताना दिसला तेव्हा त्याचं धाबं दणाणलं. त्यानं तो चहाच्या गाळणीनं उचलला, गाळणी उकळत्या पाण्यानं धुतली, कामाला जातो म्हणून निघाला आणि दुकान उघडेपर्यंत शटरसमोर उभा राहिला.

हुबेहूब तसा मासा शोधणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्याला जमलं, कारण तो आयुष्यभर तेच करत आला होता. दातांच्या लॅबमध्ये तो कृत्रिम दात करायचा. पुढचा एखादा दात पडला, तुटला, की दवाखान्यातून साचा येतो आणि सोबत फोटो येतो. शेजारच्या दातांशी मिळून जाईल असा एक दात घडवायचा, इतका की माणूस हसला तरी कुणाला शंका येऊ नये. टेबलावर छटांची पट्टी असते, पंख्यासारखी उघडणारी, तिच्यावर दातांच्या रंगाच्या चकत्या. लोकांना दात पांढरे असतात एवढंच ठाऊक. त्याला त्या पांढऱ्यातला पिवळा, राखाडी, तांबूस वेगळा दिसायचा. गप्पीच्या शेपटीतली केशरी आणि तिच्या कडेची निळी झाक त्यानं डोळ्यात धरून ठेवली होती. दुकानदारानं जाळीनं एकेक मासा वर काढला आणि तो मान हलवत राहिला. हा नाही. हा नाही. हा जरा जास्त तांबडा. "साहेब, लग्नाला स्थळ बघताय का?" दुकानदार म्हणाला. शेवटी एक सापडला. संध्याकाळी पिशवीतला मासा त्यानं टाकीत सोडला. बायको बाहेर आली, टाकीसमोर बसली आणि म्हणाली, "आज छान खेळतायत." त्याचा जीव भांड्यात पडला. गप्पी फार जगणारे मासे नव्हेत. एकेक करून पाचही गेले, एकेक करून पाचही आले, आणि त्या आलेल्यांच्या जागी पुन्हा दुसरे आले. शेवटी रडवा गेला. त्याच्या वेळी मात्र फार हिंडावं लागेल असं वाटलं होतं, डोळ्याखाली डाग असलेला एंजल काही रोज मिळत नाही. पण दैवानं साथ दिली आणि दुकानात अगदी तसाच एक निघाला.

गोगलगायींची गोष्ट निराळी होती. ठमीनं एकदा त्याच्याबरोबर जाऊन पाणझाडाची जुडी आणली होती. स्वयंपाकघरात पाण्याखाली ती धुताना एका पानामागं मोहरीएवढा शंख निघाला आणि ती इतकी हसली की नळ बंद करायचं विसरली. "बाबा, एकावर एक फुकट!" टाकीत सोडून दिला तिनं तो. आज काचेवर होते ते सगळे त्या एका मोहरीएवढ्या शंखाचे वंशज. त्यांना आणायला तो कधी दुकानात गेला नव्हता. ते मेले, त्यांच्या जागी त्यांचेच आले, आणि हे सगळं कुणालाही न विचारता चाललं होतं. घरात तिच्या हातानं सुरू झालेलं आणि अजून चालू असलेलं असं एवढंच होतं. तिच्या कपड्यांचा वास गेला होता. सायकल भाच्याला देऊन टाकली होती. गोगलगायी राहिल्या होत्या, आणि त्या का राहायला हव्यात हे बायकोला सांगायचं तर आधी मासे कुणाचे ते सांगावं लागणार होतं.

लॅबमध्ये मालकांनी एक साचा पुढं केला. "हा आज हवा. बाईंचं वय साठीचं आहे, बेतानं." पुढचा वरचा दात. तो पट्टी उघडून बसला. शेजारच्या टेबलावरचा प्लास्टरवाला साचे ठोकून हवेचे बुडबुडे काढत होता आणि नेहमीप्रमाणं स्वतःच्या सासऱ्याची टवाळी करत होता. साठीच्या बाईला कोरा करकरीत दात बसवला तर तो तोंडात उपरा वाटतो. हे त्याला त्याच्या उस्तादांनी पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं. दात घडवला की मग त्याला म्हातारा करायचा. बारीक कुंचल्यानं एक फिकट तपकिरी रेघ, टोकाशी किंचित झीज, मुळाशी थोडा पिवळेपणा. त्यानं कुंचला उचलला, रेघ ओढायला घेतली आणि हात तिथंच राहिला. मासे. गेली तीन वर्षं त्या टाकीतला एकही मासा म्हातारा झाला नव्हता. ठमीनं आणले तेव्हा जसे होते तसेच, तेवढेच, त्याच झळाळत्या रंगांचे. गप्पीचं वय झालं की पाठीला बाक येतो, रंग उतरतो, शेपटी विरते. टाकीसमोर जी बाई रोज बसते तिला हे दिसलं नसेल? साठीच्या बाईच्या दाताला रेघा ओढणारा हा शहाणा, आणि स्वतःच्या घरात मात्र कोरे दात बसवत राहिला. त्याला एकदम लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग भीती.

"काय झालं हो? बरं नाही का?" प्लास्टरवाल्यानं विचारलं.

"काही नाही. रंग बघतोय."

"अहो, खिडकीकडं तोंड करा मग. भिंतीकडं बघून कुठला रंग दिसतोय?"

दात झाला. चांगला झाला. मालक म्हणाले, वा. तो लवकर निघाला, डोकं दुखतंय म्हणून, आणि ते खरंच दुखत होतं. बसमधून घराच्या आधीच्या थांब्यावर उतरून तो दुकानात गेला. आत नेहमीचा ओलसर वास होता, भिंतीभर टाक्या, प्रत्येकीत हवेचे बुडबुडे आणि निळा उजेड. दुकानदार एका टाकीत खांद्यापर्यंत हात घालून तळाचा दगड सरकवत होता.

"या साहेब. गेला वाटतं एखादा?"

"नाही. काल आमच्या घरून येऊन गेल्या का?"

"वहिनी? आल्या होत्या की. गोगलगायींचं औषध नेलं."

"आणखी काही बोलणं झालं?" तो म्हणाला आणि मग त्याला राहवलं नाही. "तुम्ही त्यांना माशांचं काही बोलला नाहीत ना? मी घेऊन जातो ते?"

दुकानदारानं हात बाहेर काढला. कोपरावरून पाणी ठिबकत होतं. तो त्याच्याकडं असा बघत राहिला, जणू हा माणूस आपली गंमत करतोय की काय. "मी कशाला बोलू? साहेब, वहिनींना ठाऊकच आहे. त्यांचाच तर फोन यायचा. गप्पी मलूल दिसतोय, केशरी शेपटीचा एक बाजूला ठेवा, हे येतील एकदोन दिवसांत. तो डागवाला एंजल त्यांनीच सांगून मागवून घेतला होता. मला म्हणाल्या, तुम्ही यांना काही दाखवू नका हं, आपोआप सापडला असं वाटू द्या." मग त्याचा चेहरा बघून दुकानदार घुटमळला. "म्हणजे... तुमचं घरात बोलणं झालं असेल असं मला वाटलं."

तो बाहेर आला. रस्त्यावर उन्हं कलली होती, लोक कामावरून परतत होते. भाजीच्या गाडीपाशी एक बाई काकड्या निवडत होती, एकेक हातात घेऊन दाबून बघत होती, आणि त्याला तिचा हेवा वाटला. त्याला चालायला सुचेना. तीन वर्षं आपण एका माणसाला सांभाळतोय या समजुतीवर तो जगला होता. सकाळी गाळणी, उकळतं पाणी, खिशात लपवलेली पिशवी, ताकास तूर लागू न देता केलेला सगळा खटाटोप. आणि ती आतल्या खोलीत डोळे उघडे ठेवून पडून गाळणी धुतल्याचा आवाज ऐकत होती. संध्याकाळी टाकीसमोर येऊन बसायची. आज छान खेळतायत, म्हणायची. कुणासाठी म्हणायची? त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं ते येऊ दिलं. घरी जाऊन आता सगळं सांगून टाकायचं, त्यानं ठरवलं. मासे जाऊ देत. मासे दोघांनाही माहीत आहेत. पण गोगलगायींना हात लावू नकोस, त्या एकट्याच ठमीच्या आहेत, एवढं हात जोडून सांगायचं. ती ऐकेल. जी बाई डागवाला मासा मागवून ठेवते, ती हेही ऐकेल.

दार तिनं उघडलं. हात ओले होते, बाह्या दुमडलेल्या. तो बूट न काढताच टाकीपाशी गेला. काच स्वच्छ होती. इतकी स्वच्छ ती कित्येक महिन्यांत त्यानं पाहिली नव्हती. पाण्याला अगदी फिकी निळसर छटा होती, आणि तळाच्या वाळूवर शंख पडले होते, पसरून, मोठे, लहान, मोहरीएवढे. वर एक गोगलगाय अजून काचेला धरून होती. तो बघत असतानाच ती सुटली आणि सावकाश, गिरक्या घेत खाली गेली. गप्पी तिच्या मागं थोडं गेले आणि परतले.

"मी सांगितलं होतं ना, येईपर्यंत थांब!" तो ओरडला. या घरात तीन वर्षांत कुणी ओरडलं नव्हतं. "कशाला विचारलंस मग मला सकाळी?"

"विचारलं नव्हतं. सांगितलं होतं."

"तुला काही कळतं का? त्या एकट्याच तिच्या होत्या! मासे नव्हेत, त्या!"

"माहीत आहे," ती म्हणाली. ती टाकीसमोरच्या खुर्चीत बसली, नेहमीच्याच, आणि हात पदरावर पुसत राहिली. "मासे तुम्ही आणता तेही माहीत आहे, आणि त्या का हव्यात तेही. म्हणून तर इतके दिवस गप्प बसले." ती थांबली. "दवाखान्यात नेलं त्या सकाळी ती इथं कोचावर पडली होती. तुम्ही गाडी बघायला गेला होतात. ती टाकीकडं बघत होती, आणि म्हणाली, आई, या गोगलगायी काढ ना गं. किती झाल्यात. बघवत नाहीत. मी म्हटलं, बरी हो, मग दोघी मिळून काढू. ती म्हणाली, नको, आत्ता काढ. मी ओरडले तिच्यावर. म्हटलं, तापात काय भलतंच सुचतंय तुला. मग ती काही बोलली नाही."

तो उभाच होता. त्याला नळाखाली हसणारी ठमी आठवत होती आणि ती खोटी नव्हती. कोचावरची ठमीही खोटी नव्हती. तिनं त्यांना आणलं होतं आणि तिला त्या नकोशा झाल्या होत्या, आणि मधल्या दिवसांत केव्हातरी ती बदलली होती. आपल्या नकळत ती बदलली याचंच त्याला सगळ्यात वाईट वाटलं.

"मग आजच का?" त्यानं विचारलं.

"काल काच पुसत होते. तिचं ते वाक्य मनात म्हणायला गेले, रोज म्हणते तसं. शब्द आले, पण तिचा आवाज येईना. माझ्याच आवाजात ऐकू यायला लागलं." तिचा चेहरा वाकडा झाला आणि ती ओक्साबोक्शी रडू लागली, तीन वर्षांत पहिल्यांदा. "एकच काम सांगितलं होतं हो तिनं मला. म्हटलं, शब्दही जायच्या आत करून टाकावं."

तो तिच्याजवळ खाली बसला. त्यानं तिचे ओले हात धरले. त्यांना औषधाचा कडवट वास येत होता. तिचं रडणं ओसरलं, पुन्हा आलं, पुन्हा ओसरलं. बाहेर अंधार पडायला लागला होता आणि टाकीतला दिवा तेवढा खोलीत होता. मग तीच म्हणाली, आवाज बसलेला, "शंख वेचायला हवेत. पाणी नासेल."

त्यानं बूट काढले, बाह्या सारल्या, आणि टाकीत हात घातला. पाणी कोमट होतं. वाळूतून एकेक शंख चिमटीत धरून तो वर आणत होता आणि ती बशी पुढं धरत होती. अगदी बारीक बोटाला लागत नव्हते, ते त्यानं चमच्यानं वाळूसकट घेतले. मासे त्याच्या मनगटाभोवती फिरत होते. एक गप्पी बाजूला, झाडाच्या खोडापाशी, एकाच जागी तरंगत राहिला होता. कल्ले जोरजोरात हलत होते. दोघांनीही तो पाहिला. त्याच्या मनात सवयीनं केशरी रंग जुळवायला सुरुवात झाली, कडेच्या निळीसकट.

"अहो," ती म्हणाली.

"हं?"

"यापुढं आणू नका. मीही फोन करणार नाही."

त्याचा हात पाण्यातच होता. शंख चिमटीतून सुटून पुन्हा वाळूत गेला. त्यानं तो शोधला, उचलला आणि बशीत ठेवला.

"बरं," तो म्हणाला.